कंपवाताला लाल कंदील?

बंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये मराठी शब्द कानावर पडला, तर आता कुणी मान वळवून बघत नाही. नव्वदच्या दशकात इथे आयटीचे मनोरे उभे राहू लागले आणि पुण्या-नागपूरची, सांगली-अकोल्याची मुलं नोकरीसाठी येऊन थडकली. आधी मुलं आली, मग सुना आल्या, नातवंडं झाली आणि पाठोपाठ गावाकडचं घर बंद करून आई-बाबाही आले. सोसायटीच्या बागेतल्या बाकांवर संध्याकाळी हे सगळे आजी-आजोबा भेटतात. बोलण्याचे विषय ठरलेले असतात. बीपी, शुगर, गुडघे! त्यातच एखादे आजोबा आपला उजवा हात शर्टाच्या खिशात घालून बसलेले असतात. हात थरथरतो, तो कुणाला दिसू नये म्हणून.

अशा घरांतल्या मोबाईलवर अलीकडे एक जाहिरात हटकून येते. डोक्यावर हेल्मेटसारखी टोपी, तिच्या आत लाल दिव्यांच्या रांगा. ‘रोज वीस मिनिटं घाला, मेंदूच्या पेशी वाचवा, कंपवात रोखा!’ पुढे जगभरच्या संशोधनाची नावं आणि शेवटी भरभक्कम किंमत. मुलगा कमावता असतो आणि दिवसभर ऑफिसात असतो. बाबांसाठी काही करता येत नाही, ही टोचणी त्याला असतेच. मग तो बटण दाबून मोकळा होतो. बाबाही खूश होतात. चार दिवसांनी हळूच विचारतात, ‘आता गोळ्या बंद केल्या तर चालेल ना रे?’

खरा धोका या प्रश्नात आहे. म्हणून या आठवड्यात लाल दिव्याची ही भानगड नीट समजून घेऊ. ती निव्वळ थाप आहे का? नाही. जाहिरात म्हणते तशी ती सिद्ध झाली आहे का? तेही नाही. या दोन ‘नाहीं’च्या मध्ये जे आहे, ते प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं.

झरे आटतात म्हणजे काय?

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७मध्ये या आजारावर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात सहा रुग्णांची वर्णनं होती. त्यातले काही तर त्याने रस्त्यावरून जाता-येता फक्त पाहिलेले होते! पुढे त्याचंच नाव आजाराला मिळालं. आपल्याकडे आयुर्वेदात या लक्षणांना ‘कंपवात’ म्हणतात.

आपल्या मेंदूच्या तळाकडे, अगदी आत, काळसर रंगाच्या पेशींचा एक पट्टा असतो. या पेशी डोपामीन नावाचं रसायन तयार करतात. चालणं, वळणं, शर्टाची बटणं लावणं, पोळी लाटणं अशा हालचाली सहज व्हाव्यात, यासाठी ते लागतं. कंपवातात या पेशी एकेक करून मरत जातात. हात थरथरायला लागून आपण डॉक्टरकडे पोचतो, तोवर निम्म्याच्या आसपास पेशी संपलेल्या असतात.

पण आजार त्याच्या कितीतरी आधी घरात शिरलेला असतो. फोडणीचा वास येईनासा होतो. बद्धकोष्ठता जडते. बँकेतली सही बारीक होत जाते आणि चेकवर जुळत नाही. चालताना एकच हात हलत नाही. झोपेत माणूस ओरडतो, लाथा झाडतो. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात आणि घरचे म्हणतात, ‘बाबा हल्ली सारखे रुसलेले असतात.’ यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे कंपवातच, असं नव्हे. हात थरथरणाऱ्या प्रत्येकाला कंपवात नसतो आणि कंपवात असलेल्या प्रत्येकाचा हात थरथरतोच, असंही नाही. पण दोन-चार खुणा एकत्र दिसल्या, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं.

औषध आहे का? आहे आणि चांगलं आहे. लेव्होडोपाची गोळी १९६०च्या दशकात आली. शरीरात तिचं डोपामीन होतं आणि अडखळलेला माणूस पुन्हा चालू लागतो. पण तिची मर्यादा समजून घ्या. विहिरीचे झरे आटले की आपण टँकर मागवतो. पाणी मिळतं, घर चालतं. पण टँकरमुळे झरे पुन्हा जिवंत होत नाहीत. लेव्होडोपा हा टँकर आहे.

काहींना उलटीच भीती असते. गोळी लवकर सुरू केली, तर आजार वाढेल! नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ती बरीचशी दूर केली. गोळी आधी सुरू केलेले आणि नऊ-दहा महिने उशिरा सुरू केलेले रुग्ण शेवटी सारख्याच स्थितीत होते. म्हणजे गोळीने आजार लांबला नाही, तसा वाढलाही नाही. गरज असताना ती न घेता त्रास काढण्यात शहाणपण नाही.

मग झरे वाचवणारं काही आहे का? गेली कित्येक वर्षं शास्त्रज्ञ त्याच्या मागे आहेत. लाल दिवा हा त्याच शोधातला एक उमेदवार.

व्हाइटफील्डचं जुनं नातं

या पेशी काहींच्या मरतात आणि काहींच्या टिकतात, हे कसं? या प्रश्नाशी बंगळुरूचं आणि व्हाइटफील्डच्या मूळ रहिवाशांचं एक नातं आहे. आजच्या टॉवरवासीयांना ते बहुधा ठाऊक नसेल.

व्हाइटफील्ड ही मुळात आयटीची वस्ती नव्हेच. युरोपीय आणि भारतीय असा मिश्र वंश असलेल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांना स्वतःची शेतीवाडी असावी, म्हणून डी. एस. व्हाइट यांनी पुढाकार घेतला. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी १८८२मध्ये त्यासाठी ३,९०० एकर जमीन दिली. व्हाइट यांच्या नावावरूनच गावाचं नाव पडलं.

आता शंभरेक वर्षं पुढे येऊ. व्हाइटफील्डपासून वीसेक किलोमीटरवर ‘निम्हान्स’ ही मेंदू आणि मनोविकारांसाठीची देशातली नामवंत संस्था आहे. तिथल्या डॉ. उदय मुथाने, डॉ. एस. के. शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवात नसलेल्या भारतीयांचे मृत्यूनंतर मिळालेले मेंदू तपासले. त्यांचा निष्कर्ष १९९८मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या तज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या. ब्रिटनमधल्या मेंदूंच्या तुलनेत भारतीय मेंदूंत त्या काळसर पेशी सुमारे ४० टक्के कमी होत्या. पण वाढत्या वयाबरोबर त्या घटताना दिसल्या नाहीत! म्हणजे भांडवल कमी, पण उधळपट्टीही नाही.

मग बंगळुरूतल्या संशोधकांनी अँग्लो-इंडियन समाजाकडे लक्ष वळवलं. शहर तेच, हवा-पाणी तेच, रक्त मात्र मिश्र. या समाजात कंपवाताचा धोका इतर भारतीयांपेक्षा कमी आढळला, असं २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात म्हटलं आहे. उलट मुंबईतल्या पारशी वसाहतींमध्ये घरोघरी जाऊन केलेल्या आणि १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाखामागे ३२८ रुग्ण सापडले होते. बंगळुरू परिसरात एक लाखाहून अधिक लोकांची पाहणी झाली. तिचे आकडे २००४मध्ये आले आणि तिथे हे प्रमाण लाखामागे ३३ निघालं. पारशी समाजात वृद्धांची संख्या जास्त आहे, हे ध्यानात घ्यायला हवंच. तरीही फरक डोळ्यांत भरतो.

या आकड्यांनी कोडं सुटलेलं नाही. पण एक गोष्ट दिसते. या पेशींचं मरण म्हणजे म्हातारपणाचा अटळ कर नव्हे. निसर्ग काहींच्या पेशी जपतो. मग तो जे करतो, ते माणसाला का करता येऊ नये? शास्त्रज्ञांच्या आशेचं मूळ इथे आहे.

उजेडाने उपचार

उजेडाने रोग बरा करायचा, हे ऐकायला जादूटोण्यासारखं वाटतं. पण तुमच्या घरात एखाद्या बाळाला जन्मानंतर कावीळ झाली असेल, तर त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलेलं तुम्ही पाहिलं असेल. ही युक्ती १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात सापडली. उन्हात ठेवलेल्या बाळाचा पिवळेपणा कमी होतो, हे तिथल्या एका परिचारिकेच्या लक्षात आलं होतं. त्याही आधी डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केले. त्यासाठी १९०३ सालचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं.

लाल प्रकाशाची गोष्ट मात्र अपघाताने सुरू झाली. हंगेरीतले डॉक्टर एन्द्रे मेस्टर १९६७मध्ये उंदरांवर लेसरचे प्रयोग करत होते. लेसरने कॅन्सर होतो का, हे त्यांना बघायचं होतं. कॅन्सर झाला नाहीच. उलट त्या उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवले!

याचा कंपवाताशी संबंध काय? प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाची वीजघरं असतात. पेशीला लागणारी ऊर्जा तिथे तयार होते. कंपवातात ही वीजघरं बिघडतात, असा संशय बळावला तो एका भयानक घटनेमुळे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९८२ साली काही व्यसनी तरुण अचानक पुतळ्यासारखे ताठरले. सगळी लक्षणं कंपवाताची! त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं द्रव्य होतं. शरीरात त्याचं विष होतं आणि ते नेमकं त्या काळसर पेशींतली वीजघरं बंद पाडतं, हे पुढे उघड झालं.

आता दुवा जुळतो. लाल आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश या वीजघरांतलं एक एन्झाइम शोषून घेतं. त्यामुळे थकलेली वीजघरं पुन्हा जोमाने चालू लागतात, असा सिद्धांत आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या जॉन मित्रोफानिस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उंदरांवर तपासला. उंदरांना तेच एमपीटीपी दिलं आणि काहींवर असा प्रकाश सोडला. ज्यांना प्रकाश मिळाला, त्यांच्या जास्त पेशी वाचल्या. हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे माकडांच्या मेंदूत बारीक प्रकाशतंतू बसवून हाच प्रयोग केला गेला. २०१६मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तिथेही पेशी वाचल्या आणि माकडांना त्रासही कमी झाला.

हे काम ऐऱ्यागैऱ्यांचं नाही. त्यात ग्रेनोबलचे आलीम-लुई बेनाबीद होते. मेंदूत तार बसवून विजेच्या हलक्या स्पंदनांनी कंप थांबवण्याची शस्त्रक्रिया १९८७पासून रूढ करणारे हेच डॉक्टर. आज आपल्याकडेही मोठ्या शहरांत ती होते.

उंदराचं झालं, माणसाचं काय?

जाहिरात इथेच थांबते आणि आपल्याला पुढे जावं लागतं.

पहिली अडचण कवटीची. उंदराचं डोकं सुपारीएवढं. वरून प्रकाश सोडला की तळापर्यंत पोचतो. माणसाची कवटी जाड आणि त्या काळसर पेशी कित्येक सेंटीमीटर खोल. बाहेरून टाकलेला लाल प्रकाश दोन-तीन सेंटीमीटरपलीकडे फारसा जात नाही. टोपीतला दिवा कितीही झगझगीत असला, तरी पाहिजे तिथे तो पोचतो कुठे? म्हणून तर ग्रेनोबलच्या डॉक्टरांनी प्रकाशतंतू थेट आत नेण्याचा मार्ग धरला. २०२१मध्ये तिथे एका छोट्या चाचणीत माणसाच्या मेंदूत असा तंतू प्रथम बसवला गेला. ती शस्त्रक्रिया आहे. ऑनलाइन मागवायची टोपी नव्हे!

टोपीचे पुरस्कर्ते म्हणतात, की प्रकाश थेट पोचला नाही, तरी शरीरातल्या इतर पेशींमार्फत त्याचा परिणाम मेंदूपर्यंत जातो. उंदरांचं डोकं झाकून फक्त अंगावर प्रकाश टाकला, तेव्हा थोडं संरक्षण मिळालं, हे खरं आहे. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

माणसांवरच्या चाचण्या किती झाल्या? ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये बारा रुग्णांना डोकं, नाक, मान आणि पोट अशा ठिकाणी हा प्रकाश दिला गेला. २०२१मध्ये त्याचा वृत्तांत आला. चालणं, तोल, हाताची सफाई यांत सुधारणा दिसली. पण रुग्ण बाराच आणि प्रत्येकाला आपल्याला उपचार मिळतोय हे माहीत! कंपवातात या माहितीचा मोठाच परिणाम होतो. ‘औषध मिळालं’ या नुसत्या विश्वासाने रुग्णाच्या मेंदूत खरोखर डोपामीन स्रवतं, हे २००१मध्येच दाखवलं गेलं आहे. म्हणून पुढच्या चाचण्यांत निम्म्या रुग्णांना खोटी टोपी देऊन तुलना करावी लागते. सिडनीत चाळीस जणांवर झालेली अशी एक चाचणी २०२३मध्ये प्रसिद्ध झाली. टोपी घरच्या घरी वापरता येते आणि ती सुरक्षित दिसते, हे त्यातून कळलं. पेशी वाचतात की नाही, हे अशा चाळीस जणांच्या चाचणीने ठरत नाही. त्यासाठी शेकडो रुग्ण आणि काही वर्षं लागतात.

‘उंदरांत यश आलं ना, मग घेऊन बघायला काय हरकत?’ असं वाटतं खरं. पण कंपवाताच्या वाटेवर अशा आशांची स्मशानभूमीच आहे. व्हिटॅमिन ई पेशी वाचवेल म्हणून ८०० रुग्णांना घेऊन अभ्यास झाला. १९९३मध्ये निकाल लागला, उपयोग शून्य. कोएन्झाइम क्यू-१०ची चाचणी ६०० रुग्णांवर झाली. २०१४मध्ये तीही फसली. क्रिएटिन तर १,७४१ रुग्णांना वर्षानुवर्षं दिलं, २०१५मध्ये तेही बाद झालं. प्रयोगशाळेत ही सगळीच गुणी बाळं होती! या शर्यतीत लाल दिवा अजून धावतो आहे. बाद झालेला नाही, तसा जिंकलेलाही नाही.

एक उजेड मात्र हाताशी आहे

लाल सोडा, पांढऱ्या उजेडाचं बघू. कंपवाताच्या रुग्णाची झोप बिघडते. रात्री टक्क जाग आणि दिवसा खुर्चीत डुलक्या. घरच्यांचेही हाल होतात. अमेरिकेत अशा ३१ रुग्णांना घेऊन एक चाचणी झाली. काहींना दहा हजार लक्स इतक्या प्रखर पांढऱ्या प्रकाशासमोर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसवलं. इतरांना तितकाच वेळ मंद प्रकाशासमोर. दोन आठवड्यांनी प्रखर प्रकाशवाल्यांची दिवसाची पेंग स्पष्ट कमी झाली आणि रात्रीची झोप सुधारली. २०१७मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

यातली गंमत ऐका. तुलनेसाठी ‘खोटा उपचार’ म्हणून जो मंद प्रकाश वापरला, तो लाल होता!

या प्रखर प्रकाशाने पेशी वाचतात, असं कुणी म्हटलेलं नाही. तो शरीरातलं घड्याळ जागेवर आणतो, इतकंच. पण ज्या घरात आई रात्री चारदा उठते आणि सूनबाईला सकाळी आठला लॉगिन करायचं असतं, त्या घराला हे ‘इतकंच’ किती मोठं आहे, हे वेगळं सांगायला नको.

घरातल्या ट्यूबलाइटखाली शंभर ते तीनशे लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार लक्स मिळतो आणि स्वच्छ सकाळी सावलीतही दहा हजारांच्या घरात जातो. म्हणजे हा दिवा आकाशात फुकट टांगलेला आहे. अडचण एवढीच, की चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढलेले असतात आणि बाबा दिवसभर टीव्हीसमोर बसलेले असतात. सकाळी पडदे उघडा. न्याहारी बाल्कनीत होऊ द्या. त्यांना रोज ठरल्या वेळी बागेत घेऊन जा. रात्री मात्र मोबाईल, टीव्ही आणि भगभगीत दिवे लवकर बंद करा. सूर्याकडे टक लावून बघू नका. मोतीबिंदू किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल, तर प्रखर दिव्याचं यंत्र आणण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आज काय करता येईल?

पेशी वाचवणारी गोळी अजून मिळालेली नाही. पण आजाराची चाल मंदावण्याच्या बाबतीत सर्वांत आश्वासक गोष्ट कोणती, तर व्यायाम! अमेरिकेत आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या १२८ रुग्णांचा अभ्यास झाला. आठवड्यातून चार दिवस ट्रेडमिलवर दम लागेल असं चालणाऱ्यांची लक्षणं सहा महिन्यांत जवळपास होती तिथेच राहिली. व्यायाम न करणाऱ्यांची वाढली. हे २०१८मध्ये आलं. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधून बातमी आली, की घरी जागच्या जागी सायकल चालवणाऱ्यांनाही असाच फायदा झाला. लाल टोपीच्या किमतीत चांगली सायकल नक्की येते. फक्त हृदयाची तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि पडणार नाही अशा बेताने सुरुवात करा.

एकट्याने व्यायाम टिकत नाही, हाही अनुभव आहेच. पुण्यात नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. पाय अडखळणारी माणसं तालावर पावलं टाकू लागली. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना मराठीतून माहिती आणि आधार देतं. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१पासून काम करते आहे. व्हाइटफील्डमधल्या घरांना याचं मोल वेगळंच. चार पिढ्यांची ओळख असलेलं गाव सोडून आलेल्या, कन्नड न येणाऱ्या आजींना आपला आजार आपल्या भाषेत सांगता येणं, हाही उपचाराचाच भाग आहे.

गोळ्यांचंही एक शास्त्र आहे. लेव्होडोपा घड्याळाच्या काट्यावर घ्यावी लागते. जेवणातली डाळ, पनीर, अंडी अशी प्रथिनं काहींच्या बाबतीत गोळीच्या आड येतात. म्हणून गोळी जेवणाआधी किती वेळ घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून घ्या. खाजकुइलीचं चूर्ण ‘नैसर्गिक’ म्हणून परस्पर सुरू करू नका. त्या बियांमध्ये लेव्होडोपाच असतं. मद्रासच्या प्रयोगशाळेत १९३७मध्येच ते वेगळं काढलं गेलं होतं. म्हणजे नैसर्गिक असलं, तरी ते औषधच. गोळीवर चूर्ण घेतलं, तर मात्रा दुप्पट व्हायची!

आणि सर्वांत महत्त्वाचं. गोळ्या अचानक कधीही बंद करू नका. अंग लाकडासारखं ताठरतं, जोराचा ताप येतो, शुद्ध हरपते आणि प्रसंग जिवावर बेततो. लाल टोपीने कुणाचा जीव घेतल्याचं ऐकिवात नाही. पण टोपीच्या भरवशावर सोडलेली गोळी तो घेऊ शकते.

पैसे मोजण्याआधी

एवढं वाचूनही टोपी घ्यावीशी वाटत असेल, तर विकणाऱ्याला हे प्रश्न विचारा.

ही चाचणी माणसांवर झाली का? किती जणांवर? खोटी टोपी देऊन तुलना केली का? तुम्ही विकताय तेच यंत्र त्यात वापरलं होतं का? खोक्यावर ‘उपचार’ लिहिलंय की नुसतं ‘वेलनेस’? उपयोग झाला नाही, तर पैसे परत मिळतील का?

उत्तरं मिळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या. उत्तरं समाधानकारक वाटली, तरी ऑर्डर देण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रीतसर नोंदणी झालेल्या चाचणीत भाग घ्यायची संधी मिळाली, तर मात्र जरूर विचार करा. तिथे रुग्णाकडून पैसे उकळले जात नाहीत. शिवाय त्यातून निघालेलं उत्तर पुढच्या हजारो घरांच्या उपयोगी पडतं.

टोपीची ऑर्डर देणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हसू नका. त्या बटणामागे प्रेमच असतं. फक्त ते प्रेम खोक्यात बंद करून घरी पाठवण्यापेक्षा सकाळी अर्धा तास बाबांबरोबर बागेत चालण्यात घालवलं, तर त्यांच्या पायांना बळ मिळेल, डोळ्यांना उजेड मिळेल आणि खिशात लपवलेला हात कदाचित बाहेरही येईल.

लाल दिव्याला हिरवा कंदील मिळायचा आहे. तो मिळाला, तर आनंदच आहे. तोवर गोळी वेळेवर, पाय चालते आणि खिडकी उघडी!